दोन धैवत

गेल्या जानेवारीत गोव्यात मोरजीमला माझा संध्याकाळचा डीजे सेट होता, ७.३० ते ९.३०. उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर बंद, त्यामुळे जे काय उभं करायचं ते दोन तासांत. सगळा सेट मी एका प्रोग्रेसिव्ह ट्रान्स रिमिक्सभोवती बांधला होता. मित्राने केलेला, अजून कुठेही न आलेला. १३२ बीपीएम (मिनिटाला १३२ ठोके), ई मायनर, म्हणजे डीजे सूर जुळवायला वापरतात त्या कॅमलॉट चक्रावर ९ए. त्याच्या आधीचा ट्रॅक १२६ चा, ए मायनर, ८ए. शेजारशेजारची घरं. चक्रावर बघितलं तर याहून सोपा जोड नाही.

पण घरी हे मिक्स लावलं की साधारण तिसाव्या सेकंदाला पोटात खड्डा पडायचा. बीट जुळलेले होते, फ्रेज जुळलेली होती. दोन्ही ट्रॅक मधोमध १२९ वर आणले होते आणि वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं ‘की लॉक’ चालू होतं. ते नसतं तर गोष्ट वेगळी. वेग सहाएक टक्क्यांनी बदलला की सूर हार्मोनियमची एक पट्टी सरकतो. इथे एक ट्रॅक वर आणि दुसरा खाली ओढल्यावर दोघांत जवळजवळ पट्टीभर अंतर पडलं असतं. तो दोष नव्हता. सॉफ्टवेअर कधीकधी ट्रॅकची ‘की’ (ए मायनर, ई मायनर वगैरे) चुकीची सांगतं, म्हणून तीही पेटीवर तपासली. बरोबर होती.

चिंचवडला आत्याकडे गेले तेव्हा लॅपटॉप सोबत होता. आत्या गेली तीस वर्षं हार्मोनियम शिकवते. तिला ड्रम्सचा त्रास होईल म्हणून आवाज कमी केला, तर म्हणाली, "वाढव गं, नीट ऐकू दे." दोनदा ऐकलं, मग पेटी पुढे ओढली आणि पांढरी सहा, म्हणजे ए, धरली.

"हा तुझा सा. पहिल्या गाण्यात धैवत कोमल आहे, दुसऱ्यात शुद्ध. दोघं एका वेळी कसे नांदतील?"

तिने पांढरी चार आणि काळी तीन, म्हणजे एफ आणि एफ शार्प, एकदम दाबल्या. तोच पोटातला खड्डा.

कॅमलॉट चक्र मी आठ वर्षं वापरतेय. बारा आकडे, आकड्यापुढचा ए म्हणजे मायनर (ए हा स्वर नव्हे), बी म्हणजे मेजर, शेजारच्या घरात जा म्हणजे सुरक्षित. एक घर सरकणं म्हणजे पंचमाचं अंतर, सातांतले सहा स्वर तेच राहतात, हेही पाठ होतं. पण सातव्याचं काय होतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो सातवाच नडत होता. जुन्या ट्रॅकची बेसलाइन दर चौथ्या बारला (बार म्हणजे चार ठोके) एफवर उतरत होती. रिमिक्सचा पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारे सूर, सतराव्या बारला येतो आणि एफ शार्पवर रेंगाळतो. १२९ च्या वेगाला सोळा बार म्हणजे तीस सेकंदच.

उपाय मग दहा मिनिटांत सापडला. जुन्या ट्रॅकच्या शेवटी दोन बार असे आहेत की बेस फक्त एवर उभा असतो. तिथे लूप टाकला, म्हणजे तेच दोन बार फिरत ठेवले. आता एफ येतच नाही. त्या लूपवर रिमिक्सचा पॅड आला की कानाला ए हाच षड्ज वाटतो आणि त्याच्यावर शुद्ध धैवत उघडतो. आत्याच्या भाषेत, आसावरी थाटाचा (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा) काफी झाला. बत्तिसाव्या बारला जुन्याचा बेस ईक्यूने पूर्ण काढायचा, आणि रिमिक्सचा बेस ईवर पडला की षड्जच हलतो. मोरजीमला नेमकं हेच केलं. बेस पडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे मिटले. मला तेवढं पुरे होतं.

तेव्हापासून ए हा षड्ज धरून मी सगळं चक्र पुन्हा मांडून बसलेय. ७ए भैरवी, ८ए आसावरी, ९ए काफी, १०ए खमाज, ११ए बिलावल, १२ए कल्याण. (राग नव्हेत, फक्त थाटांचे स्वर. आत्याने हे तीनदा बजावलंय.) या सहाही घरांत ए आहे. १ए मध्ये गेलात की तोच सुटतो. म्हणजे तिसऱ्या डेकवर (प्लेअरवर) एचा ड्रोन तानपुऱ्यासारखा सोडून दिला, तर सहा ट्रॅक त्या एका स्वराखाली चालू शकतात, आणि बेस कुठेही फिरला तरी कानाला घर सापडतं.

डीजे मंडळी सहसा आकडे चढवत जातात. चढताना एकेक स्वर तीव्रतेकडे सरकतो, उजेड वाढल्यासारखं होतं. मला मात्र उलटं करून बघायचंय. बारापासून सातपर्यंत उतरत आलं तर सुरुवात कल्याणची, संध्याकाळी साडेसातची, आणि शेवट भैरवीने. मैफलीचा होतो तसा.

पाच ट्रॅक मिळालेत. १२ए मधला पहिला अजून शोधतेय, १२६ च्या आसपासचा, ज्याचा पॅड डी शार्प, म्हणजे कल्याणचा तीव्र मध्यम, घाईने सोडत नाही असा.