पट्टेरी गाऊन आणि सहा मात्रा

आमच्याकडच्या लग्नात फोटोग्राफरची खरी परीक्षा अंतरपाट खाली येतो त्या दोन सेकंदांत होते. शेवटचं 'सावधान' कानावर पडलं की बोट शटरवर, मग अक्षतांचा मारा, पुढ्यात येणारा कोणाचा तरी मामा आणि त्याच्या खांद्यावरून जे मिळेल ते. ते जमलं की बाकीचं लग्न निभतं. सावंतवाडीत अशी लग्नं काढत मी वाढलो. त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यातल्या बार्देस तालुक्यातलं पहिलं ख्रिस्ती लग्न घेतलं, तेव्हा फर्स्ट डान्सची, म्हणजे नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाची, मला जराही धास्ती नव्हती. साडेतीन मिनिटं मिळतात, मामा मध्ये येत नाही, अक्षता डोळ्यात जात नाहीत. आणखी काय हवं?

दुपारी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, होती. तिथे कॅमेऱ्याची खटखट बरी दिसत नाही, म्हणून मी सायलेंट मोड लावला. म्हणजे पडदा हलत नाही, सगळं काम इलेक्ट्रॉनिक शटरवर. रात्री मैदानात रिसेप्शन. केक कापला, टोस्ट म्हणजे शुभेच्छांचं भाषण झालं, बँडने वॉल्ट्झ, म्हणजे जोडीच्या नाचाचा तीन मात्रांचा ताल, धरला आणि जोडपं मधोमध आलं. दिव्यांचा एवढा झगमगाट होता की म्हटलं, फ्लॅश कशाला? मोड बदलायचा राहिला तो राहिलाच.

घरी आल्यावर लॅपटॉप उघडला, तर होकलीच्या, म्हणजे नवरीच्या, पांढऱ्या गाऊनवर वरपासून खालपर्यंत काळपट आडवे पट्टे. नवऱ्याच्या शर्टावर पट्टे, केकवर पट्टे. मागून आई म्हणाली, "ह्या काय रे? कापडाक पट्टे कसले?"

कारण साधं आहे. स्टेजवरचे एलईडी दिवे मंद करायचे असले की ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. डोळ्याला ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर एकेक ओळ करून वाचतं. काही ओळी वाचताना दिवा चालू, काही वाचताना बंद, की झाले पट्टे. खऱ्या पडद्याचं शटर ही वाट फार लवकर उरकतं, म्हणून त्यात हा त्रास बराच कमी होतो. गंमत म्हणजे मी फ्लॅश लावला असता, तर माझ्या कॅमेऱ्यात त्या मोडमध्ये तो पेटलाच नसता आणि चूक जागच्या जागी कळली असती. अतिशहाणपणा नडला. त्या घरच्यांना अर्धे पैसे परत केले. त्यांनी घेतलेही, आणि ते बरोबरच होतं.

पण त्या रात्री मला पट्ट्यांहून जास्त दुसरंच खुपलं. जे पाच-सहा फोटो पट्ट्यांतून वाचले होते, त्यांत कोणी नाचतच नव्हतं. एकमेकांच्या खांद्याला धरून दोन माणसं बसची वाट बघत उभी आहेत, इतपतच. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता. मी अंतरपाटाच्या सवयीने एकेका क्षणासाठी टपून बसलो होतो, आणि नाचात तसा एक क्षण नसतो.

उत्तर मिळालं पुढच्या एका लग्नात, तेही बँडवाले साउंड चेक करताना. ड्रमरने वॉल्ट्झ धरला आणि मी खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवायला लागलो. धा धी ना, धा ती ना. बाबा भावगीतांच्या कार्यक्रमांना तबला वाजवायचे, दादरा माझ्या हातात लहानपणापासून आहे. वॉल्ट्झच्या तीन मात्रांचे दोन फेरे म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. नवशिक्या जोडप्यांना शिकवतात तो चौकोनही सहाच पावलांचा असतो: पुढे, बाजूला, जुळवा, मागे, बाजूला, जुळवा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पाय पडतो तेव्हा अंग खाली असतं, चेहरा ओढलेला असतो, नजर जमिनीवर. मग दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला शरीर वर उचलतं, हनुवटी वर येते, गाऊनचा घेर सुटतो. म्हणजे दाबायचं 'ना'वर. तबलजी समेसाठी जगतो, मला सम सोडून द्यायला शिकावं लागलं.

तेव्हापासून पद्धत ठरली आहे. संध्याकाळी दिवेवाला त्याची चाचणी घेतो तेव्हाच मी दहा-बारा फोटो काढून पट्टे तपासतो आणि गोड बोलून चेहऱ्यावरचा गर्द निळा दिवा काढायला लावतो. निळ्यात माणूस बुडालेल्यासारखा दिसतो, आणि नंतर तो रंग काही केल्या निघत नाही. मैदानात डोक्यावर छत नसतं, त्यामुळे फ्लॅश वर मारून उपयोग नाही. दोन फ्लॅश स्टँडवर, जोडप्याच्या मागे दोन कोपऱ्यांत. गळ्यात पस्तीस मिमीची लेन्स. बहुतेक फोटो १/२०० सेकंदाच्या शटरवर, आणि शेवटच्या कडव्यात थोडे १/१५ वर, फ्लॅश शेवटी पेटेल असा. मग दिव्यांच्या रेघा मागे ओढल्या जातात आणि चेहरा पुढे स्वच्छ राहतो. दहातले आठ वाया जातात. जाऊ देत.

घाई मात्र फार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावरचं संगीत रात्री १० ला बंद, म्हणून एमसी, म्हणजे सूत्रसंचालक, सारखा घड्याळाकडे बघत असतो. मसाला, म्हणजे कोकणी गाण्यांची सरमिसळ, सुरू झाला की सगळं मैदान नाचायला उतरतं, मग जोडपं शोधूनही सापडत नाही.

तर परवाच्या जानेवारीतलं लग्न. नवरा बोटीवर नोकरीला, सुट्टी मोजून मिळालेली, सराव चार दिवसांचा. टोस्टच्या आधी मला बाजूला घेऊन विचारतो, "फोटोंत पांय दिसतले?" म्हटलं, काळजी करू नका, कोरड्या बर्फाचा धूर सोडणार आहेत, पाय ढगात जातील. धूर सोडलाही. नेमका शेताकडून वारा आला आणि सगळा ढग कॅटरिंगच्या तंबूत शिरला. पाय उघडे पडले, चकचकीत काळ्या बुटांसकट.

मी 'धा धी ना' मोजत फिरत होतो. 'ना'वर दाबतोय, तर दर वेळी ती वर आणि हा अजून अर्ध्यावर. आधी वाटलं माझाच ताल गेला. मग लक्षात आलं, ओठ हलवत तोही इंग्रजीत मोजतोय, आणि एका मात्रेने मागे आहे. माझी तिसरी तेव्हा त्याची दुसरी. तिला हे कळलेलं होतं. ती त्याला दुरुस्त करत नव्हती, उलट हळूहळू आपलं पाऊल उशिरा टाकायला लागली. तिसऱ्या कडव्यापर्यंत दोघंही बँडच्या मागे होती, पण एकत्र.

निवडीसाठी पाठवलेल्या फोटोंत मी तो एक उगाच ठेवला होता. त्याचे ओठ 'टू' म्हणताना चंबू झालेले, आणि ती त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवून हसते आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंचा फोन, "तो तोंडाचा फोटो काढून टाका हां." तासाभराने होकलीचा मेसेज. तोच फोटो, आणि खाली मराठीत: हा वीस बाय तीस, फ्रेम करून. मम्मीला आत्ता सांगू नका.