डिकीतला संसार : आमची वाटचाल

भोसरीच्या एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं काम. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी बिन, ट्रॉल्या, रॅक बनवायचो. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग. काम बारमाही, नफा बेताचा आणि पैसे यायला तीन-तीन महिने. आज त्याच शेडमध्ये निम्म्याहून जास्त वेळ एसयूव्हीच्या डिकीत बसणारे ड्रॉवर तयार होतात. हे कसं घडलं ते अनेकजण विचारतात, म्हणून लिहून काढतो आहे.

सुरुवात ओळखीतूनच झाली. आमच्या ट्रेकच्या मित्रमंडळींतलं एक जोडपं गाडीने स्पितीला निघालं होतं. तंबू, स्लीपिंग बॅगा, शेगडी, पाण्याचे कॅन आणि आठवड्याचा शिधा असं सगळं त्यांना नीट लावून हवं होतं. बाजारात परदेशी सेट होते. ऑस्ट्रेलियात अशा ड्रॉवरचा मोठा उद्योग आहे आणि त्यांचं काम उत्तम असतं, यात शंका नाही. पण ते सेट लांबलचक पिकअपच्या मापाचे, वजनाला भारी आणि एकदा बसवले की कायमचे. आपल्याकडे जी गाडी लडाखला जाते, तीच सोमवारी मुलांना शाळेत सोडते, आईला दवाखान्यात नेते आणि दिवाळीनंतर गावाकडून तांदळाची पोतीही आणते. घरात गाडी एकच. हे ध्यानात न घेता बनवलेली वस्तू इथे चालणार नाही, हे आम्हाला तेव्हाच स्पष्ट दिसलं, आणि आमचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

म्हणून पहिल्या कामापासून अटी ठरल्या. सेट दोन माणसांनी, एका पान्याने, अर्ध्या तासात निघाला पाहिजे. गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही, कंपनीने दिलेल्या हुकांना आणि बोल्टांच्या जागांनाच धरायचं. सीट काढून टाकायची नाही. शेवटच्या दोन अटींमागे कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली, तर आमच्या ड्रॉवरमुळे कुणाला मान खाली घालावी लागू नये.

२०२० च्या टाळेबंदीत चाकणची कामं थंडावली, मशीन बंद पडून राहिली. मग लोक घराबाहेर पडू लागले तेव्हा हॉटेलपेक्षा स्वतःची गाडी आणि स्वतःचा तंबू त्यांना बरा वाटू लागला. त्याच ऑक्टोबरात नवी थार आली. तिची मागची जागा एवढीशी की चौघांच्या बॅगाही मावत नाहीत. चौकशा वाढत गेल्या. २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिम्नी आली. मागची सीट उभी असताना तिची डिकी जेमतेम २०८ लिटरची. अशा गाड्यांमध्ये जागा नाही म्हणून रडून उपयोग नसतो, इंच इंच कामाला लावावा लागतो. डिकीच्या बाजू कुठेच सरळ नसतात, त्यामुळे प्रत्येक नव्या मॉडेलसाठी आधी पुठ्ठा कापून साचा घेतो, मग प्लायचा नमुना, आणि तो गाडीत तंतोतंत बसल्यावरच लेझर कटिंगला ड्रॉइंग पाठवतो.

प्लाय आम्ही बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आयएस ७१० मानकाचाच वापरतो आणि कापलेल्या कडा सील करतो. स्क्रू ३०४ स्टेनलेसचे. दापोली-गुहागरच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी स्क्रूला पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा चढतो. वजनावरही आमचा कटाक्ष असतो. चार मोठी माणसं बसली की तीनशे किलो तिथेच झाले, वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे आणखी चाळीस. ड्रॉवरच साठ-सत्तर किलोचा झाला तर सामानाच्या वाट्याला काय उरणार?

खरी परीक्षा रस्त्यावरची. स्पितीतल्या काझाच्या वाटेवर धूळ पिठासारखी बारीक, आणि खाली पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत रस्ता तासन् तास. बॉल बेअरिंगच्या चॅनलमध्ये ग्रीस असतं, त्या ग्रीसला धूळ चिकटते आणि चार दिवसांत ड्रॉवर करकरायला लागतो. आमच्या मिस्त्रीकाकांनी बेअरिंगचं चॅनलच काढून टाकलं आणि ड्रॉवर टणक, गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकवला. ओढायला किंचित जड जातो, पण ओल्या फडक्याने पुसला की पुन्हा नवा. चकचकीत चॅनल पाहिलेल्या गिऱ्हाइकाला ही पट्टी आधी साधी वाटते, प्रवासाहून परतल्यावर तोच फोन करून पट्टीचं कौतुक करतो. नट सगळे नायलॉक, म्हणजे हादऱ्यांनी ढिले न होणारे, आणि लाकूड जिथे लाकडाला भिडतं तिथे फेल्टचं जाड मऊ कापड. रात्रंदिवस खडखडाट ऐकत गाडी चालवणं हा छळ आहे, तो टाळता येतो.

स्वयंपाकाचा ड्रॉवर मात्र आमच्या वहिनींचा. मिसळणाच्या डब्यासाठी त्यांनी गोल खाच पाडून घेतली आणि वरची फळी डब्याच्या झाकणाला अलगद टेकेल अशी बसवायला लावली, म्हणजे हळद मोहरीत मिसळत नाही. कुकरची जागा त्यांनी सगळ्यात आधी आखली. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. हवेचा दाब कमी म्हणून फरसाणाची पाकिटं फुगतात, त्यांच्यासाठी वर मोकळी जागा सोडलेली असते. गॅसचा कप्पा वेगळा आणि त्याला भोकं तळाशी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. शिवाय नुसत्या ब्यूटेनचं कार्ट्रिज शून्य अंशाजवळ गॅस सोडायचंच बंद करतं, त्यामुळे थंडीत जाणाऱ्यांना प्रोपेन मिसळलेलं घ्यायला आवर्जून सांगतो.

सामान लावायचं कसं, हे ड्रॉवरइतकंच महत्त्वाचं. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की आम्ही शेडमध्ये ताडपत्री अंथरतो आणि सगळं सामान तिच्यावर मांडायला लावतो. मग एकच प्रश्न विचारतो : संध्याकाळी मुक्कामी पोचलात, वारा सुटलाय, उजेड चालला आहे, पहिल्या दहा मिनिटांत हाताला काय लागेल? जॅकेट, डोक्याचा दिवा, तंबू, खुंट्या आणि हातोडी, चहाचं सामान. या वस्तू दुसरं काहीही न हलवता निघाल्या पाहिजेत. कोकणात पावसात जाणाऱ्याची ताडपत्री सगळ्यात वर, आणि ओल्या तंबूची पिशवी बाकीच्या सामानापासून वेगळी. पाणी, हत्यारं, शिधा असं जड सामान खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. सगळं बोल्टने किंवा रॅचेट पट्ट्याने जखडलेलं. ताशी पन्नासच्या वेगात धडक बसली तर वीस किलोचा सुटा डबा पुढच्या माणसावर काही शे किलोच्या जोराने आदळतो. मागच्या सीटवर लेकरं बसलेली असतात, म्हणून याबाबतीत आम्ही कुणाचं ऐकत नाही.

छतासाठी आम्ही काही बनवत नाही. मागणी भरपूर आहे आणि पैसाही त्यात जास्त आहे. पण उंचावर वजन चढवलं की घाटातल्या वळणावर गाडी कलंडायला बघते, आणि छताला किती भार झेपतो हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असूनही तो आकडा फारसं कुणी पाहत नाही. हलकी, मोठी वस्तू वर ठेवायला हरकत नाही. पाण्याचे कॅन मात्र वर नकोत.

चाकणचं काम आम्ही सोडलेलं नाही, त्या शिस्तीनेच आम्हाला मिलिमीटरची सवय लावली. सध्या फ्रिजच्या सरकत्या ट्रेवर आणि थार रॉक्सच्या सेटवर काम चालू आहे. लिथियमची बॅटरी लावणाऱ्यांसाठी केबिनच्या आत कप्पा करतो आहोत, कारण लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते.

शनिवारी शेड दिवसभर उघडी असते. येताना गाडीचं पुस्तक आणि नेणार असाल ते सगळं सामान घेऊन या. घरात आणखी कोण गाडी वापरतं तेही सांगा, आणि जमलं तर त्यांनाही सोबत आणा. माप त्यांच्यासमोरच घेऊ.