थेल्मा रिटर आणि तो न मिळालेला ऑस्कर

थेल्मा रिटरला ऑस्कर मिळाला नाही याचं वाईट वाटतं का आणि तिचे सिनेमे बघायला सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. जुन्या हॉलिवूडच्या गप्पा निघाल्या की माझ्या तोंडून थेल्मा रिटर या सहायक भूमिका गाजवणाऱ्या अभिनेत्रीचं नाव येतंच. मग कुणीतरी लगेच मोबाइलवर शोधतं आणि विचारतं, "अहो, सहा वेळा नामांकन आणि ऑस्कर एकदाही नाही! हा अन्याय वाटत नाही तुम्हाला?"

खरं सांगू? फारसा नाही. १९५० ते १९५३ सलग चार वर्षांच्या सिनेमांसाठी नामांकन, पुढे १९५९ आणि १९६२. सगळी सहायक अभिनेत्रीचीच. पहिल्या खेपेला ऑस्करची बाहुली जोसेफीन हल घेऊन गेली, चौथ्या खेपेला डोना रीड. बक्षिसांचं हे असंच चालायचं. शिवाय १९५५च्या सोहळ्यात बॉब होपच्या जोडीने सूत्रसंचालन केलं ते याच बाईने. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीतनाटकासाठी तिला टोनी हे नाटकांसाठीचं मोठं बक्षीस मिळालं, तेही मुख्य अभिनेत्रीचं, ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून. तेव्हा "बिचारी" म्हणायचं काही कारण नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. पटकथा तिला निम्म्या वाटेत सोडून देतात.

'ऑल अबाउट ईव्ह' आठवा. मार्गो ही रंगभूमीवरची मोठी नटी (बेटी डेव्हिस) आणि बर्डी तिचा कपडेपट सांभाळणारी, घरचंही बघणारी. एके काळी स्वतः व्होडविलमध्ये, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या कार्यक्रमांत, कामं केलेली. ईव्ह नावाची गरीब गाय मेकअपच्या खोलीत येऊन आपली करुण कहाणी सांगते. सगळ्यांचे डोळे पाणावतात. बर्डीही ऐकते आणि म्हणते, काय गोष्ट आहे! मागे शिकारी कुत्रेच काय ते लागायचे राहिले होते. मार्गो तिला झापते, ती माफीही मागते. पण संशयाचं बी आपल्या मनात पडलेलं असतं. पुढे मार्गोला ती स्पष्टच सांगते, ही पोरगी तुमचा अभ्यास करतेय, तुम्ही चालता कशा, बोलता कशा, जेवता कशा. सगळ्या सिनेमात ईव्हला पहिल्यांदा ओळखते ती बर्डी. पण पार्टीचा प्रसंग आला की पाहुण्यांच्या फरकोटांनी भरलेल्या पलंगावर एक झकास शेरा मारून ती जवळजवळ नाहीशीच होते. जे तिने आधी ओळखलं ते खरं ठरताना बघायलाही तिला कुणी ठेवलं नाही. सिनेमा मला अतिशय आवडतो, तरी दर वेळी मी तिची वाट बघते.

त्याच पार्टीत एक नवखी मुलगी छोट्याशा भूमिकेत दिसते, मेरिलिन मन्‍रो. अकरा वर्षांनी 'द मिसफिट्स'मध्ये दोघी पुन्हा एकत्र आल्या, तोवर मेरिलिन नायिका झाली होती. रिटर तिची घरमालकीण-कम-मैत्रीण. आणि तिथेही तेच! रोडिओच्या (उधळत्या घोड्या-बैलांवर स्वार होण्याच्या खेळाच्या) गर्दीत तिला तिचा जुना नवरा आणि त्याची आताची बायको भेटतात, ती आनंदाने त्यांच्याबरोबर निघून जाते, की संपलं काम. प्रसंग गमतीदार आहे, पण पुढे वाळवंटात घोडे धरायला गेलेल्या त्या मंडळींना दोन खडे बोल सुनवायला तिचीच गरज होती.

मुळात ती सिनेमात आली तीच अशा चिमूटभर कामातून. ब्रुकलिनची बाई, नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेली, नवरा, दोन मुलं, रेडिओवरची कामं. पंचेचाळिशीच्या आसपास, १९४७ मध्ये, 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट'मध्ये मुलाला घेऊन सांताक्लॉजकडे आलेली एक दमलेली आई तिने केली. श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. मुलाला हवा असलेला खेळण्यातला आगीचा बंब दुकानभर कुठे मिळत नाही आणि हा म्हातारा खुशाल कबूल करून बसलाय, म्हणून ती फणफणते. तो तिला सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो तेव्हा तिचा चेहरा बघा. राग उतरायला वेळ लागतो, अविश्वास आधी येतो. फॉक्स स्टुडिओने तिला करारात घेतलं यात नवल नाही.

पुढे मोलकरणी, आया, नर्सा. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'त ती विमा कंपनीने पाठवलेली नर्स आहे. पाय प्लॅस्टरमध्ये अडकलेला जेम्स स्ट्युअर्ट नाश्त्याला बसलाय, आणि ही शांतपणे विचार करतेय की समोरच्या घरातल्या माणसाने बायकोचे तुकडे कुठे केले असतील. न्हाणीघरातच, दुसरीकडे रक्त धुणार कुठे? त्याचा घास तोंडाशीच थांबतो. यासाठी मात्र नामांकन नव्हतं. 'द मेटिंग सीझन' हा तर तिच्याच खांद्यावरचा सिनेमा. सून सासूला ओळखत नाही, एजन्सीने धाडलेली स्वयंपाकीण समजते आणि सासूही तो गैरसमज तसाच राहू देते. तरी नामांकन सहायकचंच! नट्यांच्या रांगा सुंदर चेहऱ्यांप्रमाणे लागत, दुसरं काय.

एका दिग्दर्शकाने मात्र तिला शेवटपर्यंत जाऊ दिलं. सॅम्युअल फुलर, 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट', १९५३. मो ही न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टाय विकणारी, आणि जोडधंदा खबरीचा. पाकीटमाराची खबर द्यायला पोलिसांशी घासाघीस करते, महागाईचं कारण सांगून भाव वाढवते. पैसे कशासाठी? स्वतःच्या थडग्याची जागा आणि दगड यांसाठी. बेवारशांच्या दफनभूमीत पुरलं तर मी मरूनच जाईन, असं ती गंभीरपणे म्हणते. हसू येतं, आणि लगेच घशात अडकतं. तिने विकलेल्या पाकीटमारालाही तिचा राग नाही. तिलाही पोट आहे, हा त्याचा हिशेब.

मग तिच्या खोलीतला तो प्रसंग. दिवसभर पायपीट करून आलीय, ग्रामोफोन लावलाय, आणि एक माणूस पिस्तूल घेऊन पाकीटमाराचा पत्ता मागतोय. पैसेही देऊ करतो. जन्मभर पत्ते विकणारी बाई नाही म्हणते. इथे रिटर आवाज चढवत नाही, धीट चेहराही करत नाही. फक्त इतकी थकलेली दिसते की मरण तिला सुट्टीसारखं वाटावं, आणि तसं ती त्याला सांगतेही. कॅमेरा ग्रामोफोनकडे वळतो आणि गोळीचा आवाज येतो. मो त्यानंतरही कथेतून जात नाही. तोच पाकीटमार बेवारस प्रेतं नेणाऱ्या बोटीवरून तिची पेटी सोडवतो आणि तिला नीट मूठमाती देतो. नायिकेलाही क्वचित मिळावा असा निरोप एका खबरी म्हातारीला मिळाला.

त्या वर्षी ऑस्कर हिलाच द्यायला हवा होता, हे मात्र मी म्हणेन. एवढ्या एका वर्षापुरता अन्याय मान्य.

आता "सुरुवात कुठून करू" असंही विचारता, तर 'पिकअप'पासूनच करा, जेमतेम ८० मिनिटांचा आहे. हलकंफुलकं हवं असेल तर 'पिलो टॉक'. त्यात रोज टुन्न होऊन कामावर येणारी घरकामवाली आहे आणि ती रॉक हडसनला दारूत लोळवते. आणि ती फक्त टोमणे मारते असा समज असेल तर 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ' बघा. त्यात तिने केलेली आई तुरुंगातल्या मुलासाठी जिवाचं रान करते आणि तो लग्न करतो म्हटल्यावर त्याच्यावरच उलटते.