तुम्ही विचारलंत म्हणून: एकाही बाईला काढलं नाही, ते कसं?

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका स्टुडिओत, समोर माइक आणि बाजूला कॉफीचा मग ठेवून, मी म्हणाले होते, "लॉकडाऊनमध्ये आम्ही एकाही बाईला कामावरून काढलं नाही." तेव्हापासून लग्नात, बँकेच्या रांगेत, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतसुद्धा कुणीतरी गाठतंच. "मॅडम, तुमचा पॉडकास्ट ऐकला. ते कसं जमवलंत?" कॉलेजची पोरं तर लिहून घ्यायला वही काढतात.

तर लिहून घ्या. वाक्य खरं आहे. काढलं नाही, कारण ठेवलेलंच नव्हतं. माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे, आणि तिथे नगावर काम चालतं. जेवढे नग तेवढे पैसे, आणि काम नाही त्या दिवशी काहीच नाही. जिला पगारच नाही, तिला काढणार कुठून?

मी खोटं बोलले नाही, हे पुन्हा सांगते. आमच्या लाइनीत सगळीकडे असंच चालतं आणि ती पद्धत मी पाडलेली नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री टीव्हीवर लॉकडाऊनची घोषणा झाली तेव्हा माझ्याकडे साडेचार हजार शर्ट तयार पडले होते. ॲडव्हान्स एका रुपयाचा घेतलेला नव्हता, जुन्या पार्ट्या म्हणून. साध्या पांढऱ्या शर्टाला कुठेही गिऱ्हाईक मिळतं. खिशावर मोनोग्राम बसला की तो शर्ट त्या एकाच शाळेचा होतो. शिवाय पोरं वाढतात. आज २८ नंबर लागणाऱ्याला दोन वर्षांनी ३२ लागतो, आणि शाळा नेहमीसारख्या जूनमध्ये उघडल्या त्या थेट २०२२ ला. आम्ही मोनोग्राम ब्लेडने उसवून पाहिले. धागा निघतो, पण सुईची भोकं राहतात. शर्ट उजेडात धरला की खिशावर दिवा, पुस्तक, शाळेचं नाव, सगळं नीट वाचता यायचं.

काज-बटणावर आमच्याकडे नऊ वर्षं एक अक्का होती. राहायला कुंभारीच्या घरकुलात, विडी कामगार बायकांच्या वसाहतीत. तिचे माझ्याकडे ११,४०० रुपये निघत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी ती चालत आली. विडीचे कारखानेही बंद होते, त्यामुळे शेजारणीकडून उसनं मिळायची सोय नव्हती. वरच्या खिडकीतून मला ती वळणावरच दिसली. मी मुलाला म्हटलं, "आई झोपलीय म्हणून सांग."

तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने सांगितलं. अक्का म्हणाली, "झोपू दे," आणि खाली पायरीवर बसली. मी वर फरशीवर आडवी. पंखा बंद केला, कारण तो खडखडतो आणि खाली ऐकू जातो. पाऊण तास असेल. मुलाने तिला तांब्या नेऊन दिला. तिने त्याला विचारलं, "अभ्यास करतूस का बाळा?" मग पदराने तोंड पुसल्याचा, चपला सरकवल्याचा आवाज. जाताना म्हणाली, "वैनी उठल्या की सांग, अक्का येऊन गेली. पैशाचं नको सांगू, त्यांना टेन्शन हुतंय."

त्या दिवशी माझ्या खात्यात चाळीस हजार होते. ते भिलवाड्याच्या कापडवाल्याचे म्हणून धरून ठेवले होते. त्याला दिले नसते तर पुढचा सीझन उधारीवर कापड मिळालं नसतं आणि आज काज-बटणाचं मशीन तरी कुठे राहिलं असतं? हे मला आजही पटतं. म्हणजे दिवसा पटतं. अक्काचे पैसे दिवाळीच्या तोंडावर दोन हप्त्यांत दिले. तिने मोजून घेतले, कामावर परत आली नाही. विड्या वळते. तिलाही मी काढलेलं नाही.

तोवर मी असल्या मुलाखतींची भक्त होते. कटिंगच्या टेबलावर फोन ठेवून ऐकायची. २००८ मध्ये एअरबीएनबी या घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीच्या पोरांनी ओबामांच्या नावाचे, नाश्त्याच्या सीरियलचे खोके ४० डॉलरला विकून कंपनी तगवली, ही गोष्ट मी कटिंग मास्तरला दोनदा ऐकवली असेल. ती पोरं क्रेडिट कार्डांवर जगत होती. माझं क्रेडिट कार्ड अक्का होती. व्याज नाही, मर्यादा ११,४००. जेम्स डायसननी ५,१२७ नमुने केले तेव्हा व्हॅक्युम क्लीनर जमला, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्या वर्षांत घर चालायला बायकोचा चित्रकला शिकवण्याचा पगार होता, हे डायसन लपवत नाहीत; ऐकणारे वहीत लिहीत नाहीत, एवढंच. गाय राझ नावाचे मुलाखतकार २०१६ पासून आपल्या पाहुण्यांना शेवटी विचारत आलेत, यश नशिबाने किती आणि कष्टाने किती? चांगला प्रश्न आहे. पण त्याला कुणीही नम्रपणे "थोडं नशीब" म्हणून सुटतो. त्या महिन्यात कुणाचे पैसे थकवलेत, असं मला विचारलं असतं तर?

खरं सांगू? तरी मी "मास्क शिवायला घेतले, पिव्होट केलं" असंच बोलले असते. पुण्याला मुलाखतीला जाताना रेल्वेत ठरवलं होतं, अक्काचं सांगायचं. माइक पुढे आला आणि तोंडातून निघालं, "आमची टीम म्हणजे कुटुंब." मुलाखत घेणाऱ्या पोराचे डोळे भरून आले. त्याला दोष कसा देऊ?

एपिसोड आला त्या रात्री घरात सगळ्यांनी मिळून लावला. मुलगा जेवत होता. ते वाक्य आलं तसा तो अर्ध्या ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला. अजून त्यावर आम्ही बोललेलो नाही.

आता पन्नास टक्के ॲडव्हान्स आल्याशिवाय मी कापड कापत नाही. हा माझा 'धडा' म्हणून फिरतोय. खरं म्हणजे २०२१ मध्ये कापडवाल्याने उधारी बंद केली, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. निम्म्या पार्ट्या तुटल्या. विजापूरच्या एका दुकानदाराने पैसे टाकले म्हणून तरले. त्याने का टाकले ते त्यालाच माहीत.

बायकांचा हिशेब दर शनिवारी करायचा, असा नियम मात्र माझा स्वतःचा. यंदा फेब्रुवारीत दोन शनिवार हुकले. ओव्हरलॉकवालीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सोमवारी बघू."

"बरं वैनी," म्हणाली ती.