गोल्फच्या आयर्नचे आयुष्य किती?

आयर्नचा, म्हणजे पोलादी डोक्याच्या क्लबांचा (गोल्फच्या काठ्यांचा) संच चार-पाच वर्षांनी बदलायलाच हवा, असे गोल्फच्या सामानाच्या दुकानात हमखास ऐकायला मिळते. मला ते पटत नाही. पोलादी डोके इतक्यात निकामी होत नाही. झिजतात त्या फेसवरच्या (चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागावरच्या) खाचा, कडक होते ती मुठीवरची ग्रिप आणि नकळत बदलतात ते क्लबचे कोन. या तिन्हींची गती निरनिराळी असल्याने संपूर्ण संचाला एकच वय लावणे व्यर्थ आहे.

खाचांचे पाहा. नियमाप्रमाणे त्यांची खोली जास्तीत जास्त 0.508 मिलिमीटर असू शकते आणि 2010 पासून 25 अंश व त्याहून अधिक लॉफ्टच्या (फेसच्या मागे झुकण्याच्या कोनाच्या) क्लबांवर त्यांच्या कडा किती धारदार असाव्यात यालाही मर्यादा आली आहे. म्हणजे झिजायला मुळात अर्धा मिलिमीटरच हाताशी! कोरड्या फेअरवेवर (आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) ही झीज फारशी जाणवत नाही. पावसाळ्यात रफमधल्या (कडेच्या वाढलेल्या) ओल्या गवतातून मारताना मात्र फेस आणि चेंडू यांच्यामध्ये सापडलेल्या पाण्याला व गवताला निसटायला जागा लागते. ती उरली नाही की चेंडूला पुरेशी फिरकी मिळत नाही आणि तो ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर) थांबण्याऐवजी पलीकडे पळतो. बंकरमधल्या वाळूमुळे वेज (जवळच्या फटक्यांचे, जास्त लॉफ्टचे क्लब) सर्वांत आधी झिजतात, तर चार नंबरचा आयर्न बिचारा बॅगेत जवळजवळ कोराच राहतो. दोघांच्या खाचांवरून आडवे नख फिरवावे. चारच्या खाचेत ते अडकते आणि वेजवर सरळ घसरत गेले, तर बदलायचा तो वेज, संच नव्हे.

फोर्ज्ड (घडीव) आयर्नचे पोलाद मऊ असल्यामुळे, विशेषतः सरावाच्या जागी काँक्रीटवर अंथरलेल्या मॅटवरून सतत मारल्यास, लॉफ्ट आणि लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) हळूहळू सरकतात. दोन वेगवेगळ्या क्लबांनी चेंडू अचानक सारख्याच अंतरावर जाऊ लागला, तर स्वतःच्या स्विंगला दोष देण्याआधी कोन मोजून घ्यावेत. मऊ धातूचे क्लब यंत्रावर वाकवून पूर्ववत करता येतात. कठीण स्टेनलेस स्टीलच्या ओतीव डोक्यांना तेवढी मुभा नसते.

ग्रिपचे रबर घाम आणि उन्हामुळे गुळगुळीत होते, मग हात नकळत अधिक घट्ट पकडतात. नियमित खेळणाऱ्याने ती वर्षाकाठी बदलावी; अधूनमधून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुतली तर जरा जास्त टिकते. स्टीलच्या शाफ्टला (दांड्याला) बाहेरून मुलामा असला तरी ग्रिपच्या टोकाच्या छिद्रातून पाणी शिरून आतून गंज चढू शकतो. क्लब हलवल्यावर आत काही खुळखुळले, तर दुरुस्ती करणाऱ्याला अवश्य दाखवावे.

नव्या संचाने चेंडू लांब जातो, हे खरेच. पण त्यातला बराचसा भाग लॉफ्टचा असतो: तो जितका कमी, तितका चेंडू लांब. पूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट 35 अंशांच्या आसपास असे, आता लांब अंतरासाठी बनवलेल्या अनेक संचांत तो 30 किंवा त्याहूनही कमी असतो. सहाच्या क्लबवर सात लिहिल्यावर सात लांब जाणारच! तरीही वयानुसार स्विंगचा वेग मंदावला असेल आणि हलक्या ग्रॅफाइट शाफ्टची गरज भासत असेल, तर नवा संच घेण्याला सबळ कारण आहे, मग जुन्या खाचा कितीही शाबूत असोत.