कालाफातो: आडनाव आणि धंदा एकाच नोंदीत

अर्जेंटिनातल्या एका कुटुंबाने माझ्याकडे तपासायला पाठवलेली वंशावळ वरवर पाहता पूर्ण होती. आडनाव कालाफातो. पणजोबा १८९० च्या दशकात सिसिलीच्या मेसिना प्रांतातून ब्यूनोस आयर्सला गेले, एवढे घरच्या कागदांवरून पक्के होते. त्यांच्या मागच्या पिढ्या कुटुंबाने इंटरनेटवरच्या एका नामसूचीतून जोडल्या होत्या. इटालियन पासपोर्ट मिळवण्यासाठी हे काम नव्हते. हे आडनाव आले कुठून, आणि इटलीत ते कुठे कुठे आहे, एवढेच त्यांना हवे होते. घरात दोन समजुती चालत आल्या होत्या. एक, पातागोनियातल्या एल कालाफाते गावाशी आपले नाते आहे. दुसरी, खापरपणजोबांचे वडील बोटी दुरुस्त करायचे, म्हणूनच हे नाव पडले.

पहिली समजूत लगेच निकालात निघाली. एल कालाफाते हे नाव तिथल्या काटेरी, जांभळ्या फळांच्या झुडपावरून आले आहे आणि गाव वसले ते १९२७ मध्ये. झुडपाच्या नावाचा संबंध जहाजाच्या फटी बुजवण्याच्या कामाशी लावतात. म्हणजे आडनाव आणि गाव यांचे मूळ बहुधा एकच आहे, पण त्यातले एक दुसऱ्यापासून निघालेले नाही. दुसरी समजूत मात्र तपासावी लागली, आणि खरे काम तिथेच होते.

आधी धंद्याविषयी. लाकडी जहाजाच्या फळ्या कितीही घट्ट बसवल्या तरी त्यांच्या मधल्या सांध्यांतून पाणी शिरतेच. कालाफातो हा ते सांधे बुजवणारा कारागीर. जुने दोरखंड उकलून त्यांचा धागा काढायचा, तो हाताने वळून लांब पेळू करायचा, बोथट पटाशीने सांध्यात सरकवायचा आणि लाकडी मोगरीने ठोकत न्यायचा. रुंद सांध्याला एकावर एक थर लागतात. वरून पाइनच्या चिकाचे उकळते डांबर ओतायचे. धागा सैल राहिला तर पहिल्याच लाटांत तो बाहेर येतो. फार घट्ट ठोकला तर फळ्या पाण्यात फुगल्यावर एकमेकींना रेटतात आणि खिळे सुटतात. शिवाय हे काम एकदा करून संपत नाही. डांबर उन्हाने तडकते, धागा कुजतो, म्हणून जहाज ठरावीक काळाने किनाऱ्यावर ओढून सांधे पुन्हा भरावे लागतात. सुतार लागतो जहाज बांधताना, हा माणूस मात्र जहाज तरंगते आहे तोवर लागतो. म्हणून भूमध्य समुद्राच्या जवळजवळ प्रत्येक बंदरात तो होता, आणि लांबच्या सफरींवर जहाजाबरोबर जातही होता. कोलंबसाच्या १४९२ च्या खलाशांतही कालाफाते (याच कारागिराचे स्पॅनिश नाव) आहेत. जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज गोदीतही ते होते.

एवढा पसरलेला धंदा असूनही आडनाव विरळ का? कारण बहुतेक कारागिरांना लोक बापाच्या नावाने, गावाने किंवा टोपणनावाने ओळखत. बंदरात दहा कालाफातो असतील तर 'कालाफातो' म्हणून कोणाचीच ओळख पटत नाही. धंद्याचे नाव चिकटते ते जिथे त्या धंद्याचा एकच माणूस असतो तिथे, किंवा त्या माणसाच्या मुलाला, जो स्वतः दुसरे काही करतो. लोहाराचे आडनाव इटलीभर आहे, कारण गावागणिक लोहार एखादाच असे: एमिलिया आणि लोम्बार्दीत फेर्रारी, दक्षिणेत फेर्रारो, पिएमोंतेत फेर्रेरो, रोमान्यात फाब्ब्री, सार्डिनियात फ्राऊ. कालाफातो मात्र किनाऱ्यालगत, थोड्या ठिपक्यांत सापडतो.

नाव किती जुने आहे याचा एक मोठा पुरावा बायझंटाइन इतिहासात आहे. सम्राट मिखाइल पाचवा याला लोक 'कालाफातिस' म्हणत, कारण त्याचा बाप स्तेफानोस सम्राटाचा मेहुणा होण्याआधी हाच धंदा करायचा. याच स्तेफानोसकडे १०३८ ते १०४० च्या सिसिली मोहिमेतले आरमार होते. सेनापती मानियाकिसशी त्याचे भांडण झाले आणि मानियाकिसला परत बोलावले गेले. मुलाने १०४१ ते १०४२ असे जेमतेम काही महिने राज्य केले. इथे हे नाव हिणवण्यासाठी वापरले आहे, आडनाव म्हणून नाही. पण धंदा बापाचा आणि नाव मुलाचे, ही आडनाव बनण्याची पहिली पायरी इथे उघड दिसते.

दुसरी पायरी मेसिनातच दिसते. संत एउस्तोकिया स्मेराल्दा कालाफातो १४३४ मध्ये मेसिनाजवळ जन्मली आणि १९८८ मध्ये तिला संतपद मिळाले. तिचे वडील व्यापारी होते. मुलीला हे नाव लागते आहे आणि बाप व्यापार करतो आहे, म्हणजे पंधराव्या शतकात त्या घरात नाव धंद्यापासून सुटले होते. अर्जेंटिनाच्या कुटुंबाचा तिच्याशी संबंध जोडायला काहीही आधार नाही, आणि मी तो जोडला नाही. या दाखल्याचा उपयोग एवढाच की ज्या पूर्वजाने खरोखर फटी बुजवल्या तो बहुधा कोणत्याही नियमित नोंदवहीच्या आधीचा आहे. चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवणे कॅथलिक चर्चच्या त्रेंतो इथल्या परिषदेने १५६३ मध्ये बंधनकारक केले. सिसिलीत मुलकी नोंदी तर १८२० पासून आहेत. फडणीस आडनावाच्या घरात आजोबा दफ्तरात बसत होते का हे शाळेच्या दाखल्यावरून कळत नाही, तसेच हे.

नकाशावरचा प्रसार पाहताना एक काळजी घ्यावी लागते. इटालियन आडनावांचे जे नकाशे सहज मिळतात ते बहुतांशी घरगुती टेलिफोनच्या याद्यांवरून केलेले आहेत. फोन एका घराला एक, तोही बहुधा नवऱ्याच्या नावाने. तोरिनो, मिलान आणि जेनोवात दिसणारे ठिपके १९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिणेतून कारखान्यांत गेलेल्या लोकांचे असतात. विरळ आडनावात तर एका कुटुंबातली चार भावंडे एका गावात राहिली की तेच उगमस्थान वाटू लागते. म्हणून मी आधी मोठी शहरे बाजूला काढते, मग प्रांत न पाहता गाव पाहते, आणि उरलेल्या प्रत्येक गावात १८२० च्या दशकातल्या वार्षिक सूच्या उघडते. तिथे नाव नसेल तर तो ठिपका नंतरच्या स्थलांतराचा. रूपेही एकत्र घ्यावी लागतात: सिसिलीकडे कालाफातो, पुलियाकडे कालेफाती आणि कालेफातो, एड्रियाटिकच्या वरच्या टोकाला कालाफाती. व्हिएन्नाच्या प्राटर बागेत करमणुकीचे फिरते चक्र चालवणारा बाझिलिओ कालाफाती १८०० मध्ये त्रिएस्तेत जन्मला होता. शेवटचा 'ई' उत्तरेकडच्या आणि तोस्कानातल्या आडनावांत जास्त, 'ओ' दक्षिणेत. पण एका कारकुनाच्या हातात दोन्ही रूपे एकाच घरासाठी सापडतात, म्हणून केवळ शेवटच्या अक्षरावरून प्रदेश ठरवू नये.

आता मेसिना प्रांतातल्या, पणजोबांच्या किनाऱ्यावरच्या गावाकडे. मेसिना शहराच्या कागदपत्रांची स्थिती वाईट आहे. १६७४ ते १६७८ च्या बंडानंतर स्पेनच्या राजसत्तेने शहराच्या सनदा उचलून नेल्या, आणि २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपात उरलेल्यातले पुष्कळ गेले. प्रांतातली लहान गावे त्या मानाने बरी. परदेशी कागदांवर मात्र 'जन्म: मेसिना' असे लिहिले की तो प्रांत, बंदर की शहर, याचा पत्ता लागत नाही. इथे पणजोबांच्या लग्नाच्या अर्जेंटिनी नोंदीत गावाचे नाव होते, म्हणून निभावले.

कुटुंबाच्या वंशावळीत खापरपणजोबांचा जन्म १८३० च्या दशकातला दिला होता, नामसूचीत 'कालाफातो' म्हणूनच. मूळ नोंदीची प्रतिमा उघडली. सिसिलीत त्या काळी जन्मनोंदीचा छापील नमुना ठरलेला होता: अमुक अधिकाऱ्यासमोर हजर झाला, मग नाव, वय, 'दि प्रोफेस्सिओने' म्हणजे धंदा, राहण्याचे ठिकाण. पान उभे दुभागलेले असते, डावीकडे जन्म, उजवीकडे बाप्तिस्मा. या नोंदीत धंद्याच्या जागी मोठ्या 'सी' ने लिहिले होते: कालाफातो. बापाचे खरे आडनाव वरच्या ओळीच्या शेवटी तोडून, आवळून लिहिलेले होते आणि ते दुसरेच होते. सूची करणाऱ्याने ठळक दिसलेला शब्द उचलला. त्याची फसगत व्हायला आणखी एक कारण होते. खाली आईचे नाव होते, आणि आईचे आडनाव खरोखरच कालाफातो होते. इटालियन नोंदीत बाई लग्नानंतरही माहेरचेच आडनाव लावते. एकाच नोंदीत तोच शब्द दोनदा, एकदा धंदा आणि एकदा आडनाव.

मी हे काम सुरू केल्यापासून इतकी नेमकी गाठ पाहिलेली नाही, आणि ती कशी सुटली हे सांगण्यासारखे आहे.

पहिला दुवा 'दि' आणि 'फू' यांचा. मुलाच्या नावापुढे 'दि' आणि बापाचे नाव असेल तर बाप हयात, 'फू' असेल तर वारलेला. खापरपणजोबांच्या १८५० च्या दशकातल्या लग्ननोंदीत बापाच्या नावाआधी 'फू' होते. आणि जन्मनोंदीतला तो फटी बुजवणारा कारागीर त्या लग्नानंतरही स्वतः येऊन धाकट्या मुलांची नोंद करत होता. दोघे एक असणे शक्य नव्हते.

दुसरा दुवा नावे ठेवण्याच्या रीतीचा. सिसिलीत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. कालाफातो घरातल्या एका आजोबांचा मुलगा आणि मुलगी, दोघांची लग्ने झाली. मुलाच्या थोरल्या मुलाला आजोबांचे नाव मिळाले. मुलीच्या दुसऱ्या मुलालाही तेच. आते-मामे भाऊ, एकच पहिले नाव, एकच गाव, वयात थोडाच फरक. सूचीत दोघेही 'कालाफातो' झाल्यावर कुटुंबाने नेमका चुकीचा उचलला.

शेवटचा निर्णय केला तो 'प्रोचेस्सेत्ती'नी. सिसिलीवर बोर्बन राजघराण्याचे राज्य असताना लग्नाआधी वधूवरांना कागद जोडावे लागत: दोघांच्या जन्माचे उतारे, बाप वारला असेल तर त्याच्या मृत्यूचा उतारा, आणि मग संमती देणारा आजोबाही नसेल तर त्याच्याही मृत्यूचा. हा गठ्ठा लग्ननोंदीच्या क्रमांकावरून शोधायचा असतो, नावावरून शोधत बसले तर दिवस जातो. लग्ननोंद वाचतानाही डावीकडची तारीख लग्नाची समजू नये, ती लग्नाच्या वचनाची असते. चर्चमधल्या विधीची तारीख उजवीकडे लिहितात. खापरपणजोबांच्या गठ्ठ्यात त्यांचा खरा जन्मउतारा मिळाला, वडिलांचा मृत्यूउतारा मिळाला, आणि आजोबांचाही. आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत त्यांच्या आईबापांची नावे होती, म्हणजे एका कागदाने आम्ही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गेलो.

आणि धंदा? कालाफातो आडनावाची ही सगळी माणसे 'विल्लिको', म्हणजे शेतकरी. एकही बोटीवर काम करणारा नाही. खरोखर फटी बुजवणारा होता तो त्या घरचा जावई, दुसऱ्या आडनावाचा. घरातली दुसरी समजूत अशी अर्धी खरी ठरली: नात्यात बोटी दुरुस्त करणारा माणूस होता, पण नाव त्याच्यामुळे पडलेले नव्हते. ही आठवण तीन-चार पिढ्या तोंडातोंडी टिकली याचे मला फार मोल वाटते. कागदाशी ती जुळली नाही म्हणून टाकून देण्यासारखी ती नव्हतीच, योग्य माणसाशी जोडायची तेवढी राहिली होती.

अहवालात मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. कागदाने सिद्ध झालेली शेतकरी शाखा, तिच्यापासून वेगळी काढलेली कारागीर जावयाची शाखा, आणि आडनावाचे मूळ, ज्याबद्दल प्रदेश आणि काळ सांगता येतो पण माणूस नाही. अजून मागे जायचे असेल तर दोन जागा आहेत. एक, पालेर्मोच्या राज्य अभिलेखागारातले 'रिवेली', म्हणजे सोळाव्या शतकापासून अठराव्याच्या मध्यापर्यंत कुटुंबप्रमुखांनी माणसे आणि मालमत्ता सांगून केलेली विवरणे. दोन, गावच्या नोटरींचे दस्त: हुंड्याचे करार, शागीर्दी, जहाजदुरुस्तीची कंत्राटे. तिथे लॅटिनमध्ये 'मागिस्तेर' (उस्ताद) अमुक 'कालाफातुस' असे दिसले तर लगेच पूर्वज सापडला म्हणू नये. त्याच माणसाचा मुलगा दुसऱ्या दस्तात वेगळ्या धंद्यासह तेच नाव लावतो का, किंवा मुलगी ते नाव घेऊन हुंड्याच्या करारात येते का, हे पाहायचे. तसे दिसले तर ते आडनाव. नाहीतर तो फक्त त्या माणसाचा धंदा.

कुटुंबाने नोटरींच्या दस्तांचे काम पुढे चालू ठेवायला सांगितले आहे. त्या गावच्या १७०० आधीच्या नोटरींची यादी मागवली आहे. सुरुवात हुंड्याच्या करारांपासून करणार आहे, कारण त्यांत बाप, मुलगी आणि जावई, तिघांची नावे आणि पुष्कळदा धंदेही एकाच ठिकाणी मिळतात.