लोबेच्या कातळावरचं शीर्षासन

"मावशी, हे शेवाळ आहे," भाचा म्हणाला.

मी दोन्ही गुडघे आणि एक हात ओल्या कातळावर टेकून, उरलेल्या हाताने दहापटीचं भिंग डोळ्याला लावून बसले होते. बसले कसली, चिकटले होते. मागे धबधबा असा गर्जत होता की उत्तर द्यायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडले असते तर घसरले असते. म्हणून गप्प राहिले.

लोबे नदी कॅमेरूनच्या दक्षिण किनाऱ्यावर, क्रिबी गावापासून सात-आठ किलोमीटरवर, थेट अटलांटिक महासागरात कोसळते. मध्ये खाडी नाही, दलदल नाही. कातळ संपला की समुद्र. आमच्याआधी आलेली मंडळी फोटो काढून, किनाऱ्यावरच्या खोपटांत भाजलेला मासा खायला निघूनही गेली होती. माझं काम त्यांनी पाठ फिरवलेल्या बाजूला होतं. जानेवारी हा तिथला कोरडा हंगाम. पाणी उतरलेलं, आणि एरवी फेसाखाली असणारे खडक उघडे पडून काळे-हिरवे चमकत होते.

त्या हिरव्यासाठी मी आले होते. पोडोस्टेमेसी हे सपुष्प वनस्पतींचं कूळ आहे. दिसतात शेवाळासारख्या, नेच्यासारख्या, कधी खडकावर सांडलेल्या हिरव्या रंगासारख्या. पण फुलतात, फळतात, बी धरतात. माती लागत नाही. धबधब्याच्या माऱ्यात नागड्या दगडाला चिकटून राहतात आणि पाणी उतरून अंग उघडं पडलं की घाईघाईने फुलतात. मग वाळतात. बी धुळीच्या कणाएवढं, ओलं झालं की चिकट होतं आणि दगडाला धरून बसतं. पुढचं रोप तिथून.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली. अभ्यासक्रमात या कुळाला एक ओळ होती, तीही परीक्षेत कधी विचारली गेली नाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांत याच कुळातली ग्रिफिथेला आहे. पावसाळा सरून पाणी उतरलं की तांबूस-जांभळ्या रंगात दिसते. मुलांना ती दाखवली की तीही हेच म्हणायची, "मॅडम, शेवाळ." त्यामुळे भाच्याचा राग आला नाही. तो कॅमेरूनमधल्या दुआला शहरात नोकरीला आहे, बाजारापुरती फ्रेंच बोलतो आणि वर्षभर बोलावत होता. एदेआला सानागा नदी ओलांडून आम्ही क्रिबीला आलो, तिथून सकाळी कोरीव होडीने धबधब्याखाली. होडीवाला मला 'मामाँ' म्हणत होता. तिकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात. मावशी आणि मामाँ, दोन्ही हाका एकदम ऐकायची सवय दुपारपर्यंत झाली.

आता ओळख कशी पटवायची? इथेच सगळी मेख आहे. आपण झाड ओळखतो ते पान, खोड, साल बघून. या वनस्पतींत मूळ कुठे संपतं आणि खोड कुठे सुरू होतं हेच धड कळत नाही. मूळ हिरवं असतं, फितीसारखं किंवा पापुद्र्यासारखं दगडावर पसरतं आणि पानाचं काम करतं. एकाच जातीचं रोप जोराच्या धारेत खुरटं आणि कडेच्या संथ पाण्यात लांबलचक. शरीर बघून नाव ठेवायला गेलात तर फसलातच.

मीही फसले. पहिल्याच खडकावर मॉससारखा गुच्छ दिसला, देठांवर बारीक पानं दाटीने बसलेली. मी आनंदाने म्हटलं, ट्रिस्टिका ट्रायफेरिया! ही ओळखायला सगळ्यात सोपी, असं स्वतःलाच सांगत आले होते. तिची पानं तीन रांगांत लागतात, नावातच 'तीन रांगा' आहेत. आफ्रिकाभर, मादागास्करात आणि अमेरिका खंडाच्या उष्ण भागातही ती सापडते. फुलाला तीन पातळ पाकळ्यांसारखे भाग, एकच पुंकेसर, तीन कुक्षी, आणि बोंडात तीन कप्पे. सगळा तीनाचा पाढा.

सुईने एक कळी उघडली आणि पाढा चुकला. कळी एका बंद, पातळ पिशवीत होती. ही पिशवी म्हणजे स्पॅथेला. ट्रिस्टिकाला ती नसते. म्हणजे निम्मं काम पिशवीनेच केलं: ही दुसऱ्या, मोठ्या उपकुळातली. मग पिशवी फाडून आत बघितलं तर फूल उलटं! देठ वाकलेला, कुक्षी खाली, तळाकडे तोंड करून. उमलताना ते पिशवी फोडून उभं राहतं, त्यामुळे उमललेल्या फुलाकडे बघून याचा पत्ता लागत नाही. लागतो तो फक्त कळीत. आफ्रिकेतल्या या कुळात फूल पिशवीत सरळ उभं आहे की शीर्षासनात, हा पहिला मोठा प्रश्न. सॅक्सिकोलेला या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, सरळ; लेडरमॅनिएला आणि इनव्हर्सोडिक्रेआ या प्रजातींचं उलटं. इनव्हर्सोडिक्रेआच्या नावातला 'इनव्हर्सो' तो हाच.

या दोन उलट्यांत फरक काय? मी ज्याला तीन रांगांतली पानं समजले होते, ते खवले होते. इनव्हर्सोडिक्रेआच्या देठावर नेहमीच्या फाटे फुटलेल्या पानांशिवाय बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक चढलेले. लेडरमॅनिएलाच्या देठावर ते नसतात. जात ठरवायची तर पुन्हा खवल्याकडे यायचं: कडा सलग आहे की दात्यांची, टोकाला किती भाग आहेत. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा खवला, त्याच्या कडेवरचे दाते, आणि तुषारांनी धुरकटलेलं भिंग. मी साडीच्या नाही, टी-शर्टच्या टोकाने ते पुसत राहिले.

दुसऱ्या खडकावर खवले नसलेले देठ मिळाले, कळीत तेच शीर्षासन. लेडरमॅनिएला. हे नाव कार्ल लेडरमान या स्विस संग्राहकावरून. कॅमेरून जर्मनांच्या ताब्यात असताना तो इथे फिरला, आणि बर्लिनच्या आडॉल्फ एंग्लरने १९०९ साली प्रजातीला त्याचं नाव दिलं. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेत क्युसे यांनी या प्रजातीत बरंच काही एकत्र आणलं, खवलेवालेसुद्धा. हल्ली खवलेवाले पुन्हा वेगळे काढले आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकात एक नाव, नव्या यादीत दुसरं. घरी टिपणं काढताना मी दोन रंगांची पेनं वापरली होती.

उमललेल्या फुलात बघण्यासारखं फार नसतं, आणि तेच बघायचं असतं. पाकळ्या नाहीत, फक्त केसासारखे दोन-तीन तंतू. पुंकेसर एक किंवा दोन. दोन असले तर एकाच देठावर, गलोलीच्या बेचक्यासारखे. माझ्या खडकावर बेचकं होतं. होडीवाल्याला भिंगातून ते दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं, भाच्याला काहीतरी सांगितलं आणि हसला. भाच्याने भाषांतर केलं नाही. मी विचारलं नाही.

शेवटचा पुरावा बोंडात. बोंड वाळलं की त्यावरच्या उभ्या शिरा उठून दिसतात, त्या मोजायच्या. बोंड फुटून होणारी दोन शकलं सारखी आहेत की एक मोठं एक लहान, फुटल्यावर एक गळून पडतं का, तेही बघायचं. थोडक्यात, एका रोपाची ओळख पक्की करायला कळी, फूल आणि फुटलेलं बोंड, तिन्ही अवस्था हव्यात. एका भेटीत तिन्ही मिळाल्या तर नशीब. कागदात दाबून वाळवलेला नमुना तर अनेकदा अपुरा पडतो. चोळामोळा झालेली काळी रेघ उरते. म्हणून अभ्यासक तो अल्कोहोलमध्ये ठेवतात. माझ्याकडे नमुने गोळा करण्याचा परवाना नव्हता, त्यामुळे जे काही सुईने उकललं ते तिथेच ठेवलं आणि फक्त फोटो आणले.

एवढी किचकट ओळख कशाला, असं भाच्याने परतीच्या वाटेवर विचारलं. त्याला गिनीची गोष्ट सांगितली. तिथे कोंकूरे नदीवरच्या एका धबधब्यातून डेनिस मोल्मू यांनी २०१८ साली एक नमुना गोळा केला. अभ्यासाअंती ती नवीच जात निघाली, सॅक्सिकोलेला डेनिसे, त्यांच्याच नावाची. नाव जाहीर झालं २०२२ मध्ये. तोवर तो धबधबा सुआपिती धरणाच्या पाण्याखाली गेला होता. या कुळातल्या कित्येक जाती एखाद्याच धबधब्यापुरत्या आहेत. त्यांना वाहतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं आणि वर्षातून एकदा उघडं पडणं लागतं. जलाशयात दोन्ही नाही. गाळ बसतो, उजेड पोचत नाही, फुलायची वेळ येतच नाही. मी हे सांगत होते तेव्हा एदेआच्या पुलावरून जात होतो, आणि तिथेही सानागावर धरण आहे. कारखाने चालतात, दिवे लागतात. भाच्याच्या घरचा एसी मीही आठवडाभर वापरला.

माझ्या लेडरमॅनिएलाची जात मात्र ठरली नाही. बोंडं हिरवी होती, शिरा दिसत नव्हत्या. परतीचं विमान मंगळवारी. भाच्याला बजावलं: पंधरा दिवसांनी पुन्हा जा, त्याच खडकावर, होडीवाल्याला खडक माहीत आहे, वाळलेल्या बोंडाचा जवळून फोटो काढ.

तो गेला. कार्यालयातल्या मित्रांना घेऊन गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तेव्हा मी कुकर लावत होते. समोर ताटात भाजलेला मासा, केळ्याचे तळलेले काप, हिरवी मिरचीची चटणी, आणि मागे, धूसर, माझा खडक. त्यावर आगपेटीच्या काड्यांसारखे वाळके देठ उभे होते, नक्कीच फुटलेल्या बोंडांचे. मी बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. माशाचे काटे मोजता येतात.